वसविणारा आणि वसणारा

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस महाराष्ट्रातील अंगणांत, वाड्यांच्या चौकांत आणि अलीकडे मोठ्या इमारतींच्या आवारांतही मुलांची एक लगबग सुरू होते. विटा, दगड, जुनी पोती आणि चिखल यांतून हळूहळू एक किल्ला उभा राहतो. त्याच्या उतारावर हळीव किंवा मोहरी पेरतात आणि चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. वर सिंहासनावर शिवछत्रपतींची मूर्ती बसते, बुरुजांवर मावळे उभे राहतात आणि पायथ्याशी विहीर, शेत, देऊळ व बाजार असे एक चिमुकले गाव वसते. किल्ला पुरा झाला म्हणजे तो रचणारे मूल एक गोष्ट बहुधा करतेच. आधी ते उभे राहून वरून सारा मुलूख न्याहाळते. मग जमिनीला गाल टेकून महादरवाजातून आत पाहते. पहिल्या वेळी ते त्या नगराचे निर्माते असते आणि दुसऱ्या वेळी त्याच नगरात शिरू पाहणारा एक वाटसरू.

या दोन दृष्टी एकाच खेळात कशा नांदवाव्यात, हा प्रश्न संगणकावरील खेळांच्या रचनाकारांपुढे साठांहून अधिक वर्षे उभा आहे. नगर वसविण्याचा खेळ हा एक प्रकार आणि एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याचे आयुष्य जगण्याचा खेळ हा दुसरा. एकात खेळणारा वरून पाहतो व हिशेब करतो. दुसऱ्यात तो पायांनी चालतो आणि माणसांशी बोलतो. वरवर पाहता हा मुलांच्या करमणुकीचा विषय वाटेल. तथापि नगर कशाने भरभराटते, प्रजा म्हणजे कोण, राज्यकर्त्याचे काम कोठे संपते, याविषयीची मते या खेळांच्या नियमांत दडलेली असतात आणि खेळणारा ती नकळत उचलीत असतो. म्हणूनच या दोन प्रवाहांची कथा जाणून घेण्यासारखी आहे.

या कथेचा आरंभ एका शाळाशिक्षिकेपासून होतो. १९६४ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या वेस्टचेस्टर परगण्यातील शिक्षण-मंडळाने आयबीएम या कंपनीच्या साह्याने एक प्रयोग हाती घेतला. अर्थव्यवहाराची मूलतत्त्वे मुलांना संगणकाशी खेळता खेळता शिकविता येतील काय, हे त्यांना पाहावयाचे होते. खेळाची संहिता लिहिण्याचे काम मेबल ॲडिस या चौथीच्या वर्गाच्या शिक्षिकेकडे आले आणि विल्यम मके यांनी ती यंत्राच्या भाषेत उतरविली. ‘द सुमेरियन गेम’ हे त्या खेळाचे नाव. त्याला चित्रांचा पडदा नव्हता. एका टोकाला आयबीएम ७०९० हा प्रचंड संगणक आणि दुसऱ्या टोकाला मुलापुढे ठेवलेला टेलिप्रिंटर, एवढीच सामग्री. मुलाने प्राचीन सुमेर देशातील लगाश या नगराचा राजा व्हावयाचे. दरबारातील मंत्री कागदावर टकटक उमटत जाणाऱ्या अक्षरांतून राज्याची स्थिती निवेदन करी. प्रजा किती, कोठारात धान्य किती, जमीन किती, हे सांगून झाले की राजाने ठरवावयाचे : खाण्यासाठी किती द्यावे, बियाण्यासाठी किती राखावे आणि साठवणीत किती टाकावे. मध्येच एखादे संकट कोसळे आणि सारा हिशेब विस्कटे. पहिल्या राजाच्या कारकीर्दीत शेती, दुसऱ्याच्या काळी कारागिरी आणि तिसऱ्याच्या काळी व्यापार, अशा पायऱ्यांनी ते नगर वाढे.

ॲडिसबाईंच्या रचनेतील मर्म असे, की त्यांनी मुलाला नुसते आकडे दिले नाहीत. त्याला एक नाव, एक दरबार आणि एक वारसा दिला. राजा लुडुगा म्हणून मूल निर्णय घेई. नगर वसविणे आणि भूमिका जगणे ही दोन्ही अंगे या पहिल्याच खेळात हातात हात घालून होती. पुढे मात्र ती विलग झाली.

ती विलग होण्याचे एक कारण अगदी साधे, म्हणजे जागेची टंचाई, हे होते. १९६८ साली डग डाइमेंट यांनी ही कल्पना एका लहान संगणकासाठी नव्याने लिहिली. पुढे डेव्हिड आल यांनी तिला बेसिक या सोप्या भाषेत आणून १९७३ च्या आपल्या पुस्तकात छापले आणि ‘हॅमुराबी’ या नावाने ती घरोघरी पोहोचली. या छोट्या रूपात दरबार जवळजवळ नाहीसा झाला आणि खातेवही तेवढी उरली. प्रारंभी १०० प्रजाजन, १,००० एकर जमीन आणि कोठारात २,८०० बुशेल धान्य. दर माणशी वर्षाला २० बुशेल दिले नाहीत, तर माणसे उपाशी मरणार. दहा वर्षे राज्य करावयाचे. आणि एकाच वर्षी शेकडा ४५ हून अधिक प्रजा भुकेने दगावली, तर गादीवरून हकालपट्टी ठरलेली. राज्यकारभाराचे गणित यात चोख होते. पण मेलेल्यांपैकी एकाचेही नाव राजाला ठाऊक नव्हते.

दुसरा प्रवाह याच सुमारास अमेरिकेच्या मध्यभागात, संगणकापासून अगदी दूर, जेवणाच्या मेजांभोवती वाढत होता. विस्कॉन्सिन राज्यातील गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन हे दोघे लुटुपुटीच्या लढायांचे शौकीन. अशा खेळांत मेजावरची एक सोंगटी म्हणजे अनेक शिपायांची तुकडी मानण्याची रीत होती. आर्नेसन यांच्या मंडळींत ती बदलली. एक सोंगटी म्हणजे एक माणूस, आणि तो माणूस म्हणजे खेळणारा स्वतः! तुकडीला भय नसते, माणसाला असते. तुकडीला भूतकाळ नसतो, माणसाला असतो. या बदलातून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला आणि भूमिका घेऊन खेळण्याची एक नवी परंपराच सुरू झाली. विशेष म्हणजे त्या मूळ पुस्तिकांतही नगराची ओढ होतीच. साहसे करून उच्च पदाला पोहोचलेल्या योद्ध्याने गढी बांधावी, भोवतीचा मुलूख निर्धोक करावा, तेथे वस्ती करवावी आणि दरसाल दर माणशी १० सुवर्णनाणी कर घ्यावा, असा नियम त्यांत आहे. भटक्या वीराची अखेर गृहस्थाश्रमात व्हावी, ही जुन्या कथांची रीतच तेथे उतरली होती. परंतु बहुतेक खेळणाऱ्यांना भुयारांतील साहसांचेच वेड लागले आणि गढीची पाने मागे पडली. पुढे हा खेळ संगणकावर आला, तेव्हाही वाटसरू आला. वसविणारा आला नाही.

वसविणाऱ्याचे भाग्य उजळले ते १९८९ साली. विल राइट या तरुण रचनाकाराने १९८४ मध्ये बाँबफेकीचा एक खेळ तयार केला होता. त्यातील बेटांवर रस्ते, कारखाने, इमारती मांडण्यासाठी त्याने स्वतःपुरते एक साधन लिहिले होते. खेळातील शहरे उद्ध्वस्त करण्यापेक्षा या साधनाने ती वसविण्यातच अधिक गोडी आहे, असे त्याच्या ध्यानात आले. या गोडीतून ‘सिमसिटी’ जन्माला आला. खेळणारा महापौर. त्याने राहण्याचे, व्यापाराचे व उद्योगाचे विभाग आखावेत, वीज आणावी, रस्ते व रूळ टाकावेत, कर बसवावा आणि काय उगवते ते पाहावे. या खेळात जिंकणे नाही आणि निर्णायक हरणेही नाही, म्हणून एका प्रकाशकाने त्याचे आरंभीचे रूप नाकारले. शेवटी जेफ ब्रॉन यांच्याबरोबर राइट यांनी १९८७ साली मॅक्सिस ही स्वतःची संस्था काढली, तेव्हा तो लोकांपुढे आला आणि जगभर गाजला.

या नगरामागचे गणित कोठून आले, हे पाहणे उद्बोधक आहे. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठातील जे फॉरेस्टर यांनी १९६९ मध्ये ‘अर्बन डायनॅमिक्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शहराच्या वाढीचे आणि ऱ्हासाचे समीकरणांत बसविलेले एक प्रतिमान त्यात होते. बोस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्याशी झालेल्या चर्चांतून ते आकाराला आले होते. गरिबांसाठी स्वस्त घरे बांधल्याने शहराचे अहितच होते, असा त्यातून निघालेला एक निष्कर्ष मोठ्या वादाचा विषय झाला. या प्रतिमानात उपनगरांना स्थानच नाही, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. आणि जे गणितात घेतले नाही, त्याचा परिणाम उत्तरात दिसणार तरी कसा? राइट यांनी या ग्रंथापासून स्फूर्ती घेतली. त्यांचे नियम पुष्कळसे निराळे आणि सोपे होते, पण मूळ अडचण तीच राहिली. शहराविषयी रचनाकाराची जी समजूत, तीच त्या शहरातील निसर्गनियम होऊन बसते.

याचे एक साधे उदाहरण घेता येईल. त्या पहिल्या ‘सिमसिटी’त राहण्याचा विभाग निराळा आणि दुकानांचा निराळा. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, ही पुण्याच्या पेठांतील किंवा मुंबईच्या गिरगावातील नित्याची गोष्ट तेथे घडूच शकत नाही. कारण खेळ रचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अमेरिकन शहर होते आणि तेथील नगररचनेने घर व बाजार यांची फारकत केलेली होती. तसेच एका चौकोनावरील घरे पाडण्यास त्या खेळात एक डॉलर पुरे. घर पाडले म्हणून कोणी मोर्चा आणीत नाही की न्यायालयात जात नाही. नागरिक आहेत, पण ते आकड्यांत आहेत. १९९० साली ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहराच्या एका वृत्तपत्राने महापौरपदाच्या उमेदवारांना हा खेळ खेळावयास लावून त्याचे वृत्त छापले होते. खेळातील कसब म्हणजे कारभारातील कसब, असे मानण्याचा मोह किती सहज होतो, हे त्यावरून दिसते.

राइट यांना या गोष्टीची जाणीव नव्हती असे नाही. त्यांच्यावर परिणाम करणाऱ्या वाचनात पोलिश लेखक स्तानिस्लाव्ह लेम यांची एक कथा होती. एक कुशल यंत्रकार पदच्युत जुलमी राजाच्या करमणुकीसाठी एका पेटीत यंत्रांचे चिमुकले राज्य घडवितो. त्याचा मित्र त्याला खडसावतो, की पेटीतील प्रजा लहान असली तरी तिचे दुःख लहान कसे मानावयाचे? अखेरीस ती प्रजा पेटीबाहेर पडून स्वतंत्र होते. वरून राज्य करणाऱ्या खेळावरचा सर्वांत मार्मिक आक्षेप असा त्या खेळाच्या जन्माआधीच लिहिला गेला होता.

या आक्षेपाला उत्तर शोधण्याचे काम मुख्यतः जपानात झाले. तेथे १९८६ साली युजी होरी यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा भूमिकेचा खेळ रचला आणि तो सामान्य घरांत लोकप्रिय केला. त्याच्या १९८८ मधील तिसऱ्या भागात एक छोटेसे उपकथानक आहे. एका ओसाड प्रदेशात एक वृद्ध एकटाच राहतो. तेथे नगर वसवावे अशी त्याची इच्छा, पण त्यासाठी त्याला एक व्यापारी हवा. खेळणाऱ्याने आपल्या सोबत्यांपैकी एका व्यापाऱ्याला तेथे सोडून पुढे जावयाचे. पुन्हा केव्हा परत यावे, तर झोपड्यांची दुकाने झालेली. आणखी काही काळाने यावे, तर नगर गजबजलेले. आणि अखेरच्या एका भेटीत तो व्यापारी तुरुंगात! त्याने लोकांना इतके राबविले, की त्यांनी बंड करून त्याला कोठडीत घातले. खेळातील हा प्रसंग काही मिनिटांचाच, पण ज्या नगराला सोबत्याचे नाव मिळाले, त्याच नगराने त्याला बंदी केले, हे पाहून खेळणारा चमकतो. ‘सिमसिटी’च्या एक वर्ष आधी, वसविणाऱ्याला त्याच्याच नगराने जाब विचारला तो असा.

१९९० मध्ये क्विंटेट या जपानी संस्थेचा ‘ॲक्टरेझर’ आला. यात खेळणारा देवाच्या भूमिकेत असतो. प्रत्येक प्रदेशात आधी खाली उतरून, हाती खड्ग घेऊन राक्षसांचा निःपात करावयाचा. मग आकाशातून त्या प्रदेशाचे पालन करावयाचे. एका जोडप्यापासून वस्ती सुरू होते. घरे देव बांधीत नाही. ती माणसेच बांधतात. देव फक्त वाट कोणत्या दिशेने न्यावी ते सुचवितो, विजेने जंगल जाळतो, पावसाने वाळवंट भिजवितो. लोकसंख्या वाढली की देवाचे सामर्थ्य वाढते, आणि लोक देवळात जमून आपली गाऱ्हाणी मांडतात. वरची दृष्टी आणि खालची दृष्टी यांचा मेळ येथे पाळीपाळीने घातलेला दिसतो. पण या खेळाची खरी थोरवी त्याच्या शेवटात आहे. सहाही प्रदेश सुखी होतात, अंतिम शत्रू पडतो आणि देव आपली नगरे पाहावयास निघतो. देवळे रिकामी असतात. संकट उरले नाही, म्हणून प्रार्थनाही उरली नाही. ज्याने सारे वसविले, त्याला विसरण्याइतकी प्रजा स्वावलंबी झाली, हेच त्याच्या कार्याचे यश, असे तो खेळ गाजावाजा न करता सांगतो.

त्यानंतरच्या रचनाकारांनी देवाला सिंहासनावरून खाली उतरवून माणसांत आणले. कोनामी या संस्थेच्या १९९५ च्या ‘सुइकोदेन’ या खेळाला १०८ वीरांच्या प्राचीन चिनी कादंबरीचा आधार आहे. त्यात सरोवरातील एक ओसाड किल्ला नायकाच्या हाती येतो. पण तो चुनाविटांनी सजत नाही. एकेक माणूस येऊन मिळते, तसतसा तो जागा होतो. आचारी आला की स्वयंपाकघर, लोहार आला की भट्टी! नगर म्हणजे इमारती नव्हेत, तर माणसे आणि त्यांची कसबे, ही व्याख्या येथे नियमांतच उतरली.

२००० सालच्या ‘डार्क क्लाउड’ने दुसरी एक अडचण सोडविली. वरून घर म्हणजे एक ठिपका; खालून घर म्हणजे दार, ओटा आणि कोणाचा तरी संसार. या दोहोंची सांगड कशी घालावी? या खेळात एका दुष्ट शक्तीने गावे नष्ट केलेली असतात आणि त्यांचे तुकडे भुयारांत जतन झालेले असतात. नायकाने ते शोधून आणावयाचे आणि मोकळ्या जमिनीवर गाव पुन्हा मांडावयाचे. मांडणी मात्र त्याच्या लहरीवर नाही. प्रत्येक रहिवाशाचे काही मागणे असते. कोणाला घराजवळ पाणी हवे, कोणाला अमुक शेजार हवा. ते ऐकण्यासाठी नायकाला आपण मांडलेल्या गावात पायी हिंडावे लागते आणि लोकांशी बोलावे लागते. वरून मांडणाऱ्याला खाली येऊन विचारणे भाग पाडणारा हा नियम अनेक नगररचनाकारांनाही उपयोगी पडावा असा आहे.

२०१६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट बिल्डर्स’ने आणखी एक पाऊल टाकले. त्याची कथा होरी यांच्या पहिल्या खेळाशी जोडलेली आहे. त्या मूळ खेळात शेवटी शत्रू नायकाला अर्धे जग देऊ करतो. नायकाने ते लोभाने स्वीकारले असते तर काय झाले असते, येथून नवी कथा सुरू होते. जग उजाड झाले आहे आणि माणसे बांधण्याची कलाच विसरली आहेत. अशा जगात जागा होणारा नायक योद्धा नाही, बांधकाम करणारा आहे. तो जमिनीवर उभा राहून एकेक ठोकळा हाताने रचतो. भिंत किमान दोन ठोकळे उंच, एक दार आणि एक दिवा एवढे जमले, की खेळ त्या जागेला खोली मानतो. राक्षस मारून त्याची स्वतःची पातळी वाढत नाही. वाढते ती नगराची. आणि एक नगर उभे राहिले की ते तेथील लोकांच्या स्वाधीन करून, रिकाम्या हातांनी त्याला पुढच्या ओसाड मुलखाकडे जावे लागते.

या साऱ्या परंपरेत अमेरिकेतील टार्न आणि झॅक ॲडम्स या बंधूंचा ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा खेळ आगळा आहे. २००६ मध्ये तो प्रथम सर्वांसाठी खुला झाला आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने तो ‘सिमसिटी २०००’ बरोबर आपल्या संग्रहात घेतला. खेळ सुरू होण्याआधी त्यात एक सबंध जग शतकानुशतकांच्या इतिहासासह निर्माण होते. खेळणारा बुटक्यांच्या एका टोळीकडून डोंगरात किल्ला वसवितो. प्रत्येक बुटक्याला नाव आहे, आवडीनिवडी आहेत, दुःखे आहेत. सिमसिटीतील आकड्यांना येथे चेहरे आले आहेत. बहुतेक किल्ले आज ना उद्या पडतात. कधी शत्रूने, कधी भुकेने, तर कधी एकाच्या शोकातून उसळलेल्या दंगलीने. पण किल्ला पडला तरी जग संपत नाही. त्याच जगात खेळणारा एक साधा प्रवासी होऊन पुन्हा जन्म घेऊ शकतो आणि वाट काढीत आपल्याच पडक्या किल्ल्यात शिरू शकतो. जी दालने त्याने वरून आखली होती, त्यांतून आता तो दिवाभीतासारखा चाचपडत चालतो. भिंतीवर कोरलेली चित्रे पाहतो. त्यांत त्याच्याच काळच्या घटना असतात.

मेबल ॲडिस यांच्या टेलिप्रिंटरपासून येथवरचा हा प्रवास सरळ रेषेतला नाही. नगर वसविण्याचे आणि भूमिका जगण्याचे दोन धागे आरंभी एकत्र होते, ते तुटले आणि मग अनेक हातांनी पुन्हा विणले गेले. त्या विणकामात एक गोष्ट स्पष्ट झाली. केवळ वरून पाहणाऱ्या खेळाचे नियम कितीही चोख असले, तरी त्यांतील चूक खेळणाऱ्याला कळण्यास मार्ग नसतो. स्वस्त घरे वाईट, असे गणिताने सांगितले की ती वाईटच ठरतात. घर पाडण्याची किंमत एक डॉलर लिहिली की ती एक डॉलरच राहते. ती चूक दिसते ती वसविणाऱ्याला आपल्या नगराच्या रस्त्याने पायी चालावे लागते तेव्हा, आणि एखाद्या दाराशी थांबून कोणाचे गाऱ्हाणे ऐकावे लागते तेव्हा. कागदावर खऱ्या शहरांचे आराखडे आखले जातात आणि आता तर ते संगणकाच्या पडद्यावरही आखले जातात. अशा काळात ही समज खेळापुरती राहू नये.

दिवाळी सरते आणि अंगणातला किल्ला मोडला जातो. माती पुन्हा मातीत मिसळते आणि मावळे पुढच्या वर्षासाठी डब्यात जातात. पण ज्या मुलाने एकदा जमिनीला गाल टेकून आपल्या गावाकडे त्या मावळ्याच्या उंचीवरून पाहिलेले असते, ते पुढच्या वर्षी विहीर गडावरून शोभेल अशा जागी खणीत नाही. खालच्या घरांना जवळ पडेल अशा जागी खणते.